टपरीतलं वजन

मी टपऱ्या ओढत नाही. जनरेटर सांगा, धानाची मळणी मशीन सांगा, मंडपाच्या पाइपांनी भरलेली ट्रॉली सांगा. गाडीला जोडतो आणि नेऊन देतो. पण चाकांवरची टपरी असेल, आणि ती एकाच जागी वर्षानुवर्षं उभी राहिलेली असेल, तर मी हात जोडतो. माझ्या गावातले, मुर्रीतले लोक म्हणतात, रत्नपालला माज आला. माज नाही. तुम्ही विचारलंत म्हणून सांगतो. तो दिवा जरा इकडे सरकवा, लाइट यायला अजून वेळ आहे.

माझी पिकअप तुम्ही पाहिलीच आहे. नागपूरच्या एका कंत्राटदाराकडून जुनी घेतली, पण गाडी मोठी गुणी. गिअरच्या बाजूला एक बटण आहे, त्यावर छोट्या ट्रॉलीचं चित्र. त्याला टो मोड म्हणतात. मागे ओझं जोडलं की ते दाबायचं. मग गाडी गिअर बदलायची घाई करत नाही, चढावर दम धरते, आणि उतारावर इंजिनच गाडीला आवरून धरतं, ब्रेकवर सारा भार येत नाही. मागची ट्रॉली डुलायला लागली तर ते मला कळायच्या आधी गाडीला कळतं. समोर पिवळा दिवा लुकलुकतो आणि गाडी आपणहून सावरते. एवढी वर्षं ओझी ओढली, त्या दिव्यानं मला कधी खोटं सांगितलं नाही. म्हणूनच तर त्या दिवशी मी घाबरलो.

गेल्या मार्चमधली गोष्ट. बिरसीहून अंजू नावाच्या बाईचा फोन आला. वय असेल तीसच्या आतबाहेर. तिकडे एका मेसमध्ये स्वयंपाक करायची. तिचे वडील केवळराम पौषात वारले होते. दरेकसा स्टेशनाबाहेर त्यांची चहाची टपरी होती, पत्र्याची, दोन चाकांवरची. दरेकशाला आता गाड्या थांबतात किती आणि चहा पिणार कोण? तिला ती टपरी बिरसीला, विमानतळाकडे जाणाऱ्या रस्त्यावर लावायची होती. जागा बघून ठेवली होती, मेसचं काम सोडून दिलं होतं.

"भाऊ, टपरी आली नाई तर माहं काई खरं नाई," ती फोनवर म्हणाली.

मी दुपारी एकच्या सुमारास दरेकशाला पोचलो. मोहफुलं गळायचे दिवस होते. सगळ्या जंगलात तो गोड, आंबूस वास भरून राहिला होता. टपरी स्टेशनाच्या कुंपणाजवळ उभी होती. लांबी बारा फूट. पुढच्या टोकाला शेगडी, बाजूला गिऱ्हाइकाची खिडकी आणि मागच्या टोकाला एक दार. ते दार बरोबर फलाटाकडे उघडायचं. चाकं अर्धी मातीत गेलेली. मी टायर बदलले, पहारीनं माती मोकळी केली. अंजू आत जाऊन सामान बांधत होती.

"जड सामान पुढं ठेवा, ताई," मी तिला समजावलं. "सिलिंडर, दगडी पाटा, भांडी, सारं शेगडीच्या बाजूला. वजन चाकाच्या पुढं असलं की ट्रॉली सरळ चालते. मागं गेलं की शेपटी हलवते."

तिनं सगळं पुढे आणलं आणि दोरखंडानं पक्कं बांधलं. मी स्वतः आत जाऊन गाठी ओढून बघितल्या. मागचा अर्धा भाग पूर्ण रिकामा. हे मुद्दाम सांगतो आहे.

तिची आई रुख्माबाई कुंपणाला टेकून उभी होती. तिला दरेकसा सोडायचं नव्हतं. तिनं पुढे येऊन मागच्या दाराला कुलूप घातलं, किल्ली अंजूच्या हातात दिली आणि खालच्या आवाजात म्हणाली, "त्याले सांगून नेलं पायजे होतं, वं."

"आई, तू चूप राय," अंजू म्हणाली.

मला वाटलं, म्हातारीचं मन आहे. मेलेल्या माणसाची परवानगी मागायची रीत असेल त्यांच्याकडे. आमच्या घरात भुताखेतांना कोणी मानत नाही. बापानं लहानपणीच बजावलं होतं, माणसाला घाबर, अंधाराला नको. मी टपरीची दांडी हुकात बसवली, पिन घातली, साखळी लावली, दिव्याची वायर जोडली आणि निघालो. अंजू माझ्या शेजारी बसली. टपरी सातशे किलोच्या वर नव्हती. एवढ्याशा ओझ्याला टो मोड कायले, असं म्हणून मी बटण दाबलं नाही. ती माझी चूक.

दरेकसा सोडलं की उतार लागतो. एका बाजूला डोंगर, दुसऱ्या बाजूला झाडांच्या आड रूळ. पहिल्या दोन वळणांना टपरी शहाण्या बैलासारखी मागे येत होती. तिसऱ्या वळणाच्या अलीकडे बोगद्याकडून मालगाडीचा आवाज आला, तो वाढत वाढत जवळ आला. आणि माझ्या मागे काहीतरी सरकलं.

आवाज नाही झाला. वजन सरकलं. ओढणाऱ्याला ते पाठीत कळतं. दांडीवरचा भार एकदम कमी झाला, पिकअपचं बूड उचलल्यासारखं झालं आणि आरशात टपरीची शेपटी डावीकडे गेली, मग उजवीकडे, मग त्याहून जास्त डावीकडे. अशा वेळी ब्रेक दाबला की संपलं. मी पाय उचलला, स्टिअरिंग घट्ट धरलं आणि अंगठ्यानं बटण दाबलं. गाडीनं गिअर खाली घेतला, इंजिन घुरघुरलं, पिवळा दिवा लुकलुकला. हळूहळू शेपटी सरळ झाली. मालगाडी पुढे निघून गेली होती.

उतार संपल्यावर सपाट जागा पाहून मी गाडी उभी केली. 

"दोर सुटला असेल," मी म्हणालो. "किल्ली द्या."

कुलूप उघडलं, दार ओढलं. सगळं जागच्या जागी. सिलिंडर पुढे, पाटा पुढे, गाठी जशाच्या तशा. मागचा भाग रिकामा. आतून मात्र आल्याचा वास येत होता, ताजा, नुकतंच कुणी आलं ठेचल्यासारखा. मी अंजूकडे पाहिलं. ती दारापासून चार हात लांब उभी होती.

मी कुलूप लावत होतो तेवढ्यात रस्त्याच्या कडेच्या झाडाखालून एक म्हातारी आली. डोक्यावर मोहफुलांची टोपली. ती सरळ टपरीच्या बंद खिडकीपाशी जाऊन उभी राहिली.

"चाय दे एक," ती खिडकीला म्हणाली.

"दुकान बंद आहे, आजी," मी म्हणालो. "हलवून राहिलो बिरसीले."

म्हातारीनं माझ्याकडे असं पाहिलं, जसा मीच वेडा. "बंद आहे, त मंग अंदरचा बुढा हात काऊन करून राहिला?"

खिडकीला पत्र्याची झडप होती. खिळे मारून बंद केलेली. फटसुद्धा नव्हती.

अंजू गाडीत जाऊन बसली. मीही बसलो.  सालेकसा मागे पडलं. आता रस्ता सपाट, दोन्ही बाजूंनी कापणी झालेल्या धानाच्या बांध्या, रिकामी शेतं. टो मोड चालूच होता. एखादा मैल गेल्यावर डाव्या हाताला रूळ दिसायला लागले. मी आरशातून नजर काढली नाही. दूरवर एक्स्प्रेसचं इंजिन दिसलं. मी मनात म्हणालो, आता नाही व्हायचं, रस्ता सपाट आहे.

एक्स्प्रेस जवळ आली आणि वजन मागे गेलं.

या वेळी मी ते मोजलं. एक… दोन… तीन… चार. प्रत्येक वेळी दांडी जराशी हलकी व्हायची. घरंगळणारी वस्तू अशी जात नाही. ती पावलं होती. चौथ्या पावलाला पिवळा दिवा लागला, शेपटी डुलली, गाडीनं सावरून घेतली. एक्स्प्रेस धडधडत गेली. मग पुन्हा चार पावलं, मागून पुढे, अगदी सावकाश. थकल्यासारखी.

"गाडी आली की…" अंजू पुटपुटली आणि थांबली.

"गाडी आली की काय?"

"माहा भाऊ होता, मुन्ना. अकरा वर्षं झाली. संध्याकाळच्या पॅसेंजरनं सुरतले गेला, कामाले. बाबासंग भांडून गेला. तवापासून बाबा… कोनतीई गाडी आली की शेगडीपासून उठे आन मांगच्या दारात जाऊन उभा राहे. थांबनारी असो की नसो. मालगाडी आली तरी जाये. मंग परत येऊन बसे. दिवसातून साठ-सत्तर खेपा." तिनं पदर तोंडाशी धरला. "बाबा गेला तो बी तठीच. दारात."

 मी रेडिओ लावला, लगेच बंद केला. त्या आवाजात मागचं ऐकू येईना आणि ते जास्त वाईट वाटलं.

पुढे रेल्वे फाटक लागतं. आम्ही पोचलो तेव्हा ते नुकतंच पडलं होतं. पुढे एक ट्रॅक्टर, दोन मोटारसायकली, मग आम्ही. ऊन उतरायला लागलं होतं. मी इंजिन बंद केलं आणि हँडब्रेक ओढला. मला थोडं बरं वाटलं. उभ्या गाडीत ट्रॉली डुलत नाही. वारा नाही, उतार नाही, खड्डा नाही. जे काही होतं ते आता व्हायला नको.

लांबून शिटी आली. पॅसेंजर होती.

एक. दोन. पिकअपचं बूड वर यायला लागलं. तीन. चार. हँडब्रेक लावलेली गाडी पाळण्यासारखी हलली. आणि मग मागच्या दाराचं कुलूप वाजलं. आधी एकदा, मग परत, मग थांबेचना. पत्रा थडथडत होता. आतून कुणीतरी दार ढकलत होतं. मारून नाही, खांदा लावून. ज्याला उशीर झालाय असं माणूस ढकलतं तसं.

पुढच्या मोटारसायकलवाल्यानं वळून पाहिलं. "ढोर आहे का गा अंदर?"

मी खाली उतरलो आणि सरळ हुकाकडे गेलो. खोटं कशाला सांगू, मी पिन काढायला गेलो होतो. पिन ओढायची, साखळी सोडायची, फाटक उघडलं की निघून जायचं. पिनेवर हात ठेवला तर दांडी थरथरत होती.

अंजू माझ्या मागे येऊन उभी राहिली होती.

"ताई, अठीच सोडून देऊ," मी म्हणालो. "माझी लेकरं आहेत घरी."

"मंग मी खाऊ काय, भाऊ? अठी बसून रडू का?" ती रागावली नव्हती. तिच्या आवाजात भलताच थंडपणा होता. "हात काढा. मी सांगतो त्याले. सांगाचंच रायलं होतं."

ती मागच्या दाराशी गेली. कुलूप तिच्या तोंडापुढे उडत होतं. तिनं दोन्ही हातांनी ते धरून ठेवलं आणि कपाळ पत्र्याला टेकवलं. पॅसेंजर फाटकात शिरली. डबे एकामागून एक जात होते, त्या धडधडीत मला तिचं बोलणं तुटक तुटक ऐकू आलं.

"बाबा… मुन्ना नाई येत. मुन्ना गेला. चार वर्षं झाली… सुरतहून फोन आलता, तापानं गेला. दोस्तांनी तठीच केलं सारं. मीनं अन् आईनं तुमाले नाई सांगितलं. तुमचं काळीज नाजूक होतं… रोज सांगाचं मनत होतो. तुमी दारात उभे दिसले की जीभ नाई उचले. बाबा, त्या गाडीत मुन्ना नाई. कोन्त्याच गाडीत नाई."

शेवटचा डबा गेला. कुलूप तिच्या हातात निपचित पडलं.

मी कधी अशी शांतता ऐकली नाही. ट्रॅक्टरवाल्यानं इंजिन बंद केलेलं. बांधीतली पाखरंसुद्धा गप्प. आत काही हलत नव्हतं. मला वाटलं, सुटला बिचारा. अंजूलाही तेच वाटलं असावं, तिनं डोळे पुसले.

मग पावलं वाजली. या वेळी खरोखर वाजली, फळीवर, अनवाणी. मागच्या दारापासून निघाली. चार पावलांत शेगडी यायची. चार झाली. पाचवं पडलं, सहावं पडलं. शेगडी ओलांडून, बांधलेल्या सामानातून, ती थेट पुढच्या पत्र्यापर्यंत आली. तो पत्रा म्हणजे माझ्या केबिनच्या मागच्या काचेच्या समोरचा. आणि पिकअपचं बूड खाली बसलं. एका माणसाच्या वजनानं बसावं त्याच्या कितीतरी जास्त.

फाटक उघडलं. मागचे हॉर्न वाजवायला लागले.

त्यानंतरचं अंतर मी कसं कापलं ते मलाच ठाऊक. दांडीवर एवढा भार की पुढची चाकं जमिनीला नीट टेकत नव्हती, स्टिअरिंग हातात पोकळ लागत होतं. तीसच्या वर गेलो नाही. पिवळा दिवा एकदाही लागला नाही. आमगावच्या अलीकडे दोन रेल्वेगाड्या गेल्या, एक तर अगदी रस्त्याला लागून. वजन तसूभर हललं नाही. ते तिथंच होतं, पुढच्या पत्र्याला लागून, आमच्या पाठीशी. अजून काही सांगेल म्हणून कान देऊन बसल्यासारखं. अंजू ताठ बसली होती. तिनं मागे वळून पाहिलं नाही आणि मीही आतल्या आरशाचं तोंड छताकडे करून टाकलं.

बिरसीला पोचलो तेव्हा दिवस मावळत होता. विमान शिकवणाऱ्या शाळेचं एक छोटं विमान उतरत होतं. जागा बरी होती, कडुनिंबाखाली. मी टपरी लावली, चाकांपुढे दगड ठेवले, दांडीखाली जॅक उभा केला आणि फिरवायला लागलो. जॅक वर उचलण्याऐवजी स्वतःच मातीत शिरायला लागला. खाली फळी घातली. फळी मोडली. रस्त्यानं जाणाऱ्या दोघांना हाक मारली, तिघांनी मिळून दांडी उचलायचा प्रयत्न केला. ती हुकातून बोटभरही उचलली नाही. ते दोघे हसत निघून गेले.

अंजू सगळं बघत होती. ती पुढच्या पत्र्याजवळ आली आणि घरातल्या म्हाताऱ्या माणसाला सांगावं तशी म्हणाली, "बाबा, जरा मांगं सरका. भाऊले गाडी सोडाची आहे. त्याले घरी जाचं आहे."

मी जॅकच्या दांड्याला हात लावला. तो एका बोटानं फिरला.

पिन काढली, साखळी सोडली, वायर उपटली. अंजूनं मागचं दार उघडलं. आत अंधुक उजेडात बांधलेलं सामान, पुसलेली फळी. कोणी नाही. ती पायरी चढून आत गेली आणि उदबत्ती शोधायला लागली. मी "येतो, ताई" म्हणालो ते तिला ऐकू गेलं की नाही, माहीत नाही.

त्यानंतर सात-आठ महिने मी तो रस्ता टाळला. दिवाळी झाल्यावर कामठ्याला एक जनरेटर सोडायचा होता, वाट तिथूनच जात होती. दिवसाउजेडी, अकराचा सुमार. टपरीवर गर्दी होती, युनिफॉर्ममधली चार पोरं चहा पीत उभी होती. अंजू अंगानं भरली होती. मला पाहून हसली, काही न विचारता कप पुढे केला. पोरं गेल्यावर मी विचारलं, "सारं बरं आहे ना?"

"बरं आहे, भाऊ. धंदा चालून राहिला. बाबा बी त्रास नाई देत. शेगडीपाशीच बसून रायते."

तिनं हे इतक्या सहज सांगितलं की मी चहाचा घोट गिळायचा विसरलो. टपरीची चाकं तिनं काढून टाकली होती. चारी कोपऱ्यांखाली विटांचे पाय रचले होते. तिनं खाली बोट दाखवलं.

"पुढच्या दोन पायाच्या विटा फुटते. महिना-दोन महिन्यानं बदलवाव्या लागते, बस एवढंच." मग तिनं इकडेतिकडे पाहिलं आणि आवाज उतरवला. "पन भाऊ, आठ दिवसांपासून… मांगच्या बी फुटून राहिल्या."

"बाबा परत दाराकडे जायला लागले असतील," मी म्हणालो.

"मले बी तसंच वाटलं. पन पुढच्या थांबल्या नाई ना. दोन्हीकडच्या संगंसंगं फुटते. सकाळी चारी पायाखाली चुरा."

माझ्या तोंडून निघून गेलं, "आई… आहे ना अजून?"

"आई बरी आहे. आताच फोनवर बोलली."

तिनं मागच्या दाराकडे पाहिलं; मुन्नाचं नाव मात्र मी काढलं नाही. शेगडीवर पाणी उकळत होतं. तिनं त्यात साखर टाकली, चहापत्ती टाकली आणि माझ्या देखत खिडकीच्या आतल्या फळीवर दोन कप मांडले. बाहेर गिऱ्हाईक मी एकटाच होतो आणि माझा चहा झाला होता. मी रिकामा कप आत ठेवायला हात पुढे केला. मग तो बाहेरच्या बाकावरच ठेवला आणि गाडीकडे चालू लागलो.